विद्यार्थिनी पाहण्याचा कार्यक्रम

बुलढाण्याहून एस.टी. घाट उतरू लागली तेव्हा माझ्या मांडीवर कॉलेजची माहितीपत्रकं होती. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी कला शाखेला एक विद्यार्थी कमी पडत होता. तो मिळाला नाही तर तुकडी बंद आणि तुकडीबरोबर मराठी शिकवणारा मीही. म्हणून भर उन्हात ही विद्यार्थीशोधाची यात्रा.

मोताळ्याला गाडी बदलली. आठवडी बाजार होता. पुढच्या गाडीत मी, एक आजोबा आणि त्यांचा नवा नांगराचा फाळ असे एका सीटवर बसलो. फाळ माझ्या बाजूला.

धामणगाव बढ्याला उतरून पानटपरीवर वैष्णवीचं घर विचारलं. दहावीला मराठीत ती शाळेत पहिली आली होती. टपरीवाल्याने मला न्याहाळलं. "तुम्ही बी पाह्याले (पाहायला) आले काय? सकाळपासून चवथे हाय तुम्ही."

ओसरीत खरंच तीन कॉलेजांचे तीन सर पोहे खात होते. मलाही बशी आली. वैष्णवीचे वडील गजाननभाऊ एकेकाचं ऐकून घेत होते. पहिल्या सरांनी गणवेश देऊ केला, दुसऱ्यांनी गाइडं. तिसरे मुरलेले होते. "भाऊ, पोरीनं यायची गरजच नाही. नाव आमच्याकडं, पोरगी तुमच्याकडं. परीक्षेपुरती पाठवा."

गजाननभाऊंचा चेहरा खुलला. घरी राहील, स्वयंपाकाला लागेल, एखादं स्थळही पाहता येईल, असं ते बोलून गेले.

मग माझी पाळी. साहित्याने माणूस घडतो, अशी गाडीत पाठ केलेली चार वाक्यं म्हटली. गजाननभाऊ माशी हाकलत राहिले. शेवटी तोंडून खरं तेच निघालं. "आमच्याकडे रोज यावं लागेल. मी रोज शिकवतो."

तिन्ही सर हसले. मुरलेल्या सरांनी मी नवीन आहे का, असं प्रेमाने विचारलं.

चहा घेऊन आलेली वैष्णवी मात्र थबकली. "रोज म्हंजे रोज?"

"रविवार सोडून."

"नाही आली तर घरी फोन करता?"

"करतो."

ती वडिलांकडे वळली. "बाबा, मले (मला) हेच कॉलेज पाह्यजे. एस.टी.चा पास फुकट हाय मुलींले. अन् सर सोताच फोन करतीन, मंग तुमाले काळजी काय?"

आतून आईचा आवाज आला, "जाऊ द्या तिले. घरी राहून मायाशीच (माझ्याशीच) भांडते."

गजाननभाऊंनी पोह्यांचं पातेलं पुढे ओढलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "घ्या सर, पोहे घ्या अजून." बाकीच्यांना कोणी आग्रह केला नाही, तेव्हा मला होकार कळला.

बापलेक मला स्टँडवर सोडायला आले. मराठीतलं काय सर्वांत आवडतं, असं मी ऐटीत विचारलं. वैष्णवी म्हणाली, "मराठीचं मंग पाहू सर. मले घराबाहेर पडाचं होतं." मग थोडं थांबून, "तुम्ही नाही आले, तर मी कोणाले फोन करू?"

मी निमूटपणे माझ्या आईचा नंबर दिला.

परतीच्या गाडीत जरा खट्टू झालो. मग आठवलं, आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिला, आणि गेलो तो म्हशी चारायच्या नव्हत्या म्हणून. कविता पुढे भेटल्या, त्याही एक सर रोज वर्गावर येत म्हणून.

घरी आल्यावर आईला फोनचं सांगून ठेवलं. ती म्हणाली, "येऊ दे. तुले शाळेत हाकलाची सवय हाय मले."