राय की जव

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प होता राय आणि जव या दोन धान्यांच्या गुणसूत्रांची तुलना. राय म्हणजे गव्हाची लांबची बहीण, आपल्याकडे फारशी कुणी खात नाही. दोघांचीही गुणसूत्रं चौदाच, बांधाही साधारण सारखाच. पण एका खास रीतीने रंगवली की त्यांच्यावर गडद पट्टे उमटतात आणि कोण कुठलं ते कळतं.

कॉलेजचा फ्रीज बिघडला, म्हणून कोवळ्या मुळांची टोकं घातलेल्या दोन कुप्या मी लालबागला घरी आणल्या आणि आमच्या फ्रीजच्या दारात ठेवल्या. रविवारी आईने फ्रीज पुसायला काढला. कुप्या चिकट लागल्या म्हणून त्याही लख्ख पुसल्या. वर लिहिलेली नावं फडक्याबरोबर गेली.

मी दोन्ही कुप्या उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिल्या.

"काय झाला गो?"

"अगं, यातली राय कुठली आणि जव कुठला?"

"माका काय ठावक!" आईचा चेहरा उतरला. जेवताना ती नुसता भात चिवडत राहिली. मला राहवेना. म्हटलं, "पट्टे दिसले की कळेल गं."

"मग माकाय दाखव."

पहिल्या खेपेला माझ्या काचपट्ट्यांवर सगळं फिकटच आलं. दुसऱ्या खेपेला पट्टे उमटले. आमच्या बाईंना विचारून शनिवारी आईला दादरला कॉलेजात नेलं. ती लग्नाकार्याची साडी नेसून आली होती. सूक्ष्मदर्शकात आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग तिने डोळा भिंगाला नीट लावला.

"टोकांका काळोख आसा."

"ती राय!" मी दुसरी काच लावली.

"ह्येंचो काळोख मधी."

"तो जव."

"म्हणजे गावले?"

"गावले गं, आई."

तिने छातीवर हात ठेवला, आणि कुणी न सांगताच पुन्हा वाकून बघत बसली. बाईंनी मागवलेला चहा गार झाला. शेवटी तिनेच बाईंना विचारलं, "आमच्या हिच्यात पण असतली अशी?"

"असणारच. निम्मी तुमच्याकडून आलेली."

"आणि निम्मी?"

"हिच्या बाबांकडून."

आईने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "तरीच," ती म्हणाली, "सकाळी हाका मारून मारून उठवूक लागता."