माझ्या सांध्यांचे अधिकृत प्रवक्ते

आमच्याकडे फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा ह्यांनी तो येईपर्यंत अख्खा उन्हाळा अभ्यास केला होता. त्यामुळे ‘तुमच्या सोरायसिसला आता नुसत्या गोळ्या पुरणार नाहीत, आजार मुळाशीच दाबणारं बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करू’ असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी फ्रिजनंतर पहिल्यांदाच पाहिलं. बायकोच्या अंगावरचे खवले जाणार म्हणून आनंद झाला असेलही. नवा विषय मिळाला याचा मात्र नक्की झाला.

इंजेक्शनं अनेक होती. कुठलं पंधरा दिवसांनी, कुठलं महिन्यानं, एक तर तीन महिन्यांनी. बाईंनी आधी क्षयाच्या आणि काविळीच्या तपासण्या करायला सांगितल्या आणि ‘विचार करून या’ म्हणाल्या. विचार म्हणजे काय, तो हे करणार हे गृहीतच होतं. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारी ह्यांची मित्रमंडळी आहे. कोथरूडातला निवृत्त माणूस टेकडी चढतो तेव्हा साधा असतो, उतरतो तेव्हा कशातला तरी तज्ज्ञ असतो. आठवडाभरात निकाल लागला: तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं तेच उत्तम. कातडी लखलखीत होते आणि गाडीच्या सर्व्हिसिंगसारखं लक्षातही राहतं.

कातडीचंच सगळ्यांना पडलेलं असतं, कारण ती दिसते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या कोपराकडे बघत विचारलं, “अहो, हे पसरतं का हो?” म्हटलं, “छे! चौकशा तेवढ्या पसरतात.” त्यांनी वाण लांबूनच हातावर टेकवलं. मला काही फार वाईटबिईट वाटलं नाही. घरी येऊन वाण कपाटात टाकलं आणि बाथरूमचं दार लावून रडले, एवढंच.

हाच सोरायसिस सांध्यांतही उतरतो, पण सांधे कुणाला दिसत नाहीत. मी शाळेत चित्रकला शिकवते. सकाळी उठले की बोटं अशी आखडलेली असतात की दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येत नाही. म्हणून घर उठायच्या आत कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं. पाठ तर लाकडाची. हालचाल केली की हळूहळू सुटते. हे उठेपर्यंत चहा तयार, बायको हसतमुख. ‘काय गं, कशी आहेस?’ ‘बरी आहे.’ आमच्या घरात या प्रश्नाला दुसरं उत्तर कुणी कधी दिलेलंच नाही. आजारी माणसानं तोंड उघडायचं ते थर्मामीटर ठेवण्यापुरतं.

रिपोर्ट घेऊन आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, “सकाळी बोटं किती वेळ आखडतात?”

“थोडाच वेळ,” हे म्हणाले.

“पोटाचा काही जुना त्रास? आतड्यांना सूज वगैरे?”

“ॲसिडिटी आहे.” ती ह्यांना आहे.

“आणि पाठ?”

“पाठीचं काही नाही हो. आमचं ते तीन महिन्यांचं ठरलंय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मी त्यांना विचारतेय.”

आणि मला काय झालं कोण जाणे, सगळं भडाभडा बाहेर आलं. कोमट पाणी, कात्री, पाठ. खडू धरवत नाही म्हणून मी फळ्यावर चित्र काढणंच बंद केलंय आणि पोरांना वाटतं बाई आळशी झाल्या, हेसुद्धा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझा उजवा हात पुढे ओढला आणि एकेक बोट दाबून पाहिलं. करंगळी जरा वाकली होती.

“ही आता सरळ व्हायची नाही,” त्या म्हणाल्या. “बाकीची वाचवायची आहेत. तीन महिन्यांचं औषध कातडीला फार छान आहे, पण पाठीला सूज असेल तर माझा त्याच्यावर तेवढा भरवसा नाही. बोटं आणि पाठ दोन्ही सांभाळील असंच औषध घेऊ. पंधरा दिवसांनी घ्यावं लागेल.”

हे लगेच ‘बरं’ म्हणाले. ह्यांनी दुसऱ्याचं ऐकणं हा आमच्या संसारातला ऐतिहासिक क्षण, पण मला तो साजरा करायचं सुचलं नाही. मी करंगळीकडेच बघत होते.

पहिलं इंजेक्शन तिथंच नर्सनं दिलं आणि पुढची घरी कशी घ्यायची ते शिकवलं. पेनासारखंच असतं ते. मांडीवर टेकवायचं आणि वरचं बटण अंगठ्यानं दाबून धरायचं. पंधरा दिवसांनी मी घरी सोफ्यावर बसले, टेकवलं, दाबलं. बटण हलेना. पुन्हा दाबलं. अंगठ्यात जोरच नव्हता.

“अहो, इकडे या. तुमचा अंगठा चांगला आहे ना? दाबा.”

हे खाली जमिनीवर बसले. पेन धरलं. एवढा अभ्यास केलेला माणूस, सूचनांचा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

“दुखेल का गं तुला?” ह्यांनी विचारलं.

“दुखतंच आहे हो,” मी म्हटलं. “दोन वर्षं झाली.”