टॅबला आवाज येईपर्यंत

ताईचं बोलणं बिघडतंय हे आम्हाला सगळ्यांत आधी तिच्या पहिलीच्या वर्गाने दाखवून दिलं. ती मढच्या शाळेत शिकवायची. धडा वाचताना ती एक वाक्य म्हणायची आणि पोरं मागून म्हणायची. त्या दिवशी तिच्या तोंडून 'शाळा सुटली' जड होऊन, नाकातून आलं. पोरांनीही ते तसंच, जड आणि नाकातून म्हटलं. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. पोरांनी पुन्हा तसंच म्हटलं. हे असंच म्हणायचं असतं, असं त्यांना वाटलं. ताईने पुस्तक मिटलं, सगळ्यांना चित्र काढायला बसवलं आणि मधल्या सुट्टीत रजेचा अर्ज लिहिला.

पुण्याला तपासण्या झाल्या. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार होता. आधी बोलणं जाणार, मग हात, मग गिळणं आणि शेवटी श्वास. डॉक्टर हे सांगत असताना आई मध्येच म्हणाली, "पण गोळ्यांनी बरं व्हईल ना?" डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. ताई त्या वेळी पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. अजून बोलता येतंय तोवर ताईच्या आवाजात रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. पुढे बोलता येईनासं झालं की मोठ्या स्क्रीनवर वाक्याला बोट लावायचं, म्हणजे तिचाच आवाज येईल. "हे लवकर करा," ते म्हणाले.

मी जुन्नरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. लॅबमधली मशिनं इतकी जुनी आहेत की विंडोज त्यांच्यावर चालत नाही. मीच त्यांच्यावर विंडोजच्या जागी चालणारं, हलकं आणि फुकट मिळणारं लिनक्स टाकलेलं आहे. त्यामुळे हे काम आपलंच, असं मला वाटलं. मामा पुण्याहून नवा टॅब घेऊन द्यायला तयार होता. मी नको म्हणाले. नारायणगावात जुना माल विकणाऱ्या एका दुकानात मी दहा इंची टॅब बघून ठेवला होता. कुठल्यातरी कंपनीने काढून टाकलेला, एका कोपऱ्यात काच तडकलेली. विंडोजने त्याची सगळी जागा खाल्ली होती आणि साधी खिडकी उघडायलाही तो मिनिटभर घ्यायचा. "लिनक्स टाकलं की पळेल," मी ताईला म्हणाले. ती हसली. तेव्हा तिचं बोलणं थोडं जड होतं, पण सगळं कळत होतं.

तास संपले की मी लॅबमध्ये टॅब घेऊन बसायचे. पहिला आठवडा तो नुसता सुरू होण्यात गेला. लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह लावला की टॅब त्याला ओळखच द्यायचा नाही. त्याला वेगळीच एक फाईल लागते, हे शोधायला मला चार दिवस लागले. मग स्क्रीन आडवी आली. ती उभी केली, तर डावीकडे बोट लावल्यावर उजवीकडचं बटण दाबलं जायला लागलं. मग वायफाय. एकेक अडचण सुटायची आणि मला फार बरं वाटायचं. घरी पिंपरी पेंढारला आल्यावर मी ताईला सगळं सांगायचे. ती ऐकून घ्यायची.

राहिला आवाज. आवाजाच्या यादीत एकच नाव दिसायचं, 'डमी आउटपुट'. म्हणजे यंत्राला आपल्याला स्पीकर आहे हेच माहीत नव्हतं. माइकचंही तेच.

त्या दिवसांत एका रविवारी ताई म्हणाली, "फोनवर करूया का रेकॉर्ड?"

"कशाला? दोनदा करायला लागेल. टॅब होतच आलाय."

"फोन आहे ना पण हातात."

"फोनवर खरखर येते ताई. एकदाच नीट करू."

तिने फोन बाजूला ठेवला. एक वाक्य बोलून झालं की तिला दमायला व्हायचं, म्हणून वाद घालणं तिने सोडूनच दिलं होतं. मला ते दिसत होतं. तरी मी उठले आणि टॅबपाशी जाऊन बसले. आता कळतं, टॅबपाशी बसलं की मला तिच्यापाशी बसावं लागत नव्हतं. तिच्यापाशी बसलं की तिच्या गळ्यात अडकलेलं पाणी ऐकू यायचं. टॅबच्या अडचणीला निदान उत्तर असायचं.

लोकांनी लिहून ठेवलेले उपाय मी एकेक करून बघत गेले. दोनदा सगळं पुसून पुन्हा टाकलं. यात सहा आठवडे गेले. त्यातल्या चौथ्या आठवड्यात ताई एकेकच शब्द बोलायला लागली. पाचव्यात तिचं बोलणं फक्त आईला कळायचं. ज्या दुपारी लॅबमध्ये टॅबच्या स्पीकरमधून पहिल्यांदा टिंग वाजलं, त्या दुपारी मी एकटीच मोठ्यांदा हसले आणि मिळेल त्या गाडीने घरी आले. ताईसमोर टॅब धरला आणि म्हणाले, "बोल."

तिने तोंड उघडलं. आवाज आला, पण त्यात शब्द नव्हता. तिने तीनदा प्रयत्न केला. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

मग मी यंत्राचा आवाज टाकला. लिनक्समध्ये मराठी वाचणारा एक आवाज मिळतो. पुरुषी, सपाट, तुटक. बाईचा म्हणून दिलेला होता तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. ताईने पुरुषीच निवडला. मी स्क्रीनवर मोठे चौकोन करून दिले, पाणी, कूस बदल, दुखतंय, आईला बोलाव, आणि बाकीचं लिहायला मोठी अक्षरं. ताईने पहिल्यांदा 'आईला बोलाव' दाबलं, तेव्हा आई स्वयंपाकघरातून दाराशी आली आणि तिथेच थांबली.

"ह्यो कोण बोलतोय?"

"ताईच आहे. आता ती यातून बोलणार."

"ह्यो तिचा आवाज न्हाई," आई म्हणाली. पुढे बरेच दिवस ती त्या आवाजाला ओ द्यायची नाही. पदराला हात पुसत यायची, ताईच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, "काय पायजे बाय?"

एक दिवस आई मळ्यात गेलेली असताना मी ताईला म्हणाले की चूक माझी झाली. तू सांगितलं होतंस. फोनवर दहा मिनिटांत झालं असतं. ताईचं बोट आता थरथरत होतं. एकेका अक्षराला वेळ लागायचा. मी बसून राहिले. टॅब म्हणाला, "तेव्हाच म्हटलं होतं."

ती चिडून म्हणाली, की लहानपणी चिडवायची तशी म्हणाली, हे मला कधीच कळलं नाही. त्या आवाजाला चढउतार नव्हता आणि तिचा चेहराही तोवर फारसा हलत नव्हता. मी विचारलं, "रागावलीस?" तिने 'पाणी' दाबलं.

हिवाळ्यात श्वास अपुरा पडायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्याला भोक पाडून मशीन लावता येईल, आणि मग ते कायमचं. मामा आला होता. तो आणि आई लावायचंच म्हणत होते. ताईने टॅब मागितला. मी तिचं मनगट धरून ठेवलं आणि तिने लिहिलं. टॅब म्हणाला, "मशीन लावायचं नाही. मला घरी राहायचं आहे. आई, ऐक."

तेव्हा आईने पहिल्यांदा त्या आवाजाला उत्तर दिलं. "ऐकते," ती म्हणाली.

त्यानंतर ताई दोन महिने होती. शेवटचे तीन आठवडे बोटही हललं नाही. मी एकेक चौकोन वाचायचे आणि ती डोळे मिटून हो म्हणायची. एका सकाळी आई तिला पुसून घेत असताना ती गेली. मी अंगणात दूधवाल्याकडून दूध घेत होते.

टॅब अजून चालतो. मागच्या महिन्यात मंचरहून एका बाईंचा फोन आला. डॉक्टरांनी आम्हाला विचारूनच त्यांना माझा नंबर दिला होता. त्यांच्या नवऱ्याला हाच आजार, नुकताच सुरू झालेला. तो लिनक्सवाला टॅब मिळेल का, असं त्या विचारत होत्या.

"टॅब देते," मी म्हणाले, "पण आधी आज फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा."

"आत्ता तर चांगलं बोलत्यात ओ. थोडं अडखळत्यात, एवढंच. करू की सावकाश."

मी पुन्हा सांगितलं. त्या हो हो म्हणाल्या. ते हो मला ओळखीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने मंचरला गेले. टॅब पिशवीतच ठेवला. ते गृहस्थ लाजत होते, काय बोलू म्हणत होते. मी माझा फोन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आधी बायकोला हाक मारा."