घासून लख्ख केलेलं खोड

माझी लेक झाडांवर चढते. हौस म्हणून नव्हे, नोकरी म्हणून. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली तेव्हा वाटलं होतं, पांढरा कोट घालून कुठल्यातरी प्रयोगशाळेत बसेल. ती कमरेला दोर बांधून नगरपालिकेच्या झाडं छाटणाऱ्या टोळीत शिरली. तिची आत्या म्हणाली, "हिला स्थळ बघायचं तर आता माकडांतच बघावं लागणार." लेक शांतपणे म्हणाली, "चालेल की. सासर कामावरच पडेल."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. ती कामावर असली की माझा जीव टांगणीला लागतो. फोन करावा, तर वर असताना ती उचलत नाही आणि खाली असली तर रागावते.

लहानपणापासून तिला घाई म्हणून ठाऊक नाही. शाळेला निघताना बुटाचा बंद बांधायची, ओढून बघायची, सोडून परत बांधायची. मी दारातून ओरडायचे, "आवर गं बाई!"

मी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसते. गेल्या महिन्यात तिच्या टोळीला आमच्याच वाचनालयाच्या अंगणातलं काम मिळालं. जुन्या झाडाची जाड फांदी छपरावर झुकली होती, ती उतरवायची होती. मी खिडकी सोडून बाहेर आले. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तसं आमच्या शिपाईकाकांनी झाड आवरलं होतं. पाचोळा झाडलेला, खोडाला छातीपर्यंत ताजा चुना.

लेक दोर खांद्यावर टाकून खोडाभोवती फिरू लागली. वाकून बघ, हात फिरव, दोन पावलं मागे ये.

"काय गं खारुताई, मुलगी बघायला आलीयस का?" मुकादम म्हणाले. "चढ की आता!"

ती एका जागी थांबली. चुन्याखाली साल ताजी खरवडल्याच्या खुणा होत्या, एकाखाली एक, अर्ध्या बशीच्या आकाराच्या.

"काका, इथे काय होतं?"

"घाण होती हो," काका खुशीत म्हणाले. "फळीसारखी आडवी, लाकडासारखी टणक. खुरप्याने निघेना, शेवटी छिन्नी घेतली. म्हटलं, तुम्ही येणार, जरा बरं दिसावं."

"टाकलीत कुठे?"

मागच्या भिंतीशी ढीग होता. तिने एक तुकडा उचलला. वरून तपकिरी, वलयं वलयं. खालून पांढरट, सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं.

"अळंबीच ही, आई. बाहेर दिसतं ते नुसतं फळ. खरी बुरशी आत बसून लाकूड खाते."

"पण वर पानं तर हिरवीगार आहेत!"

"पाणी सालीजवळच्या लाकडातून जातं. मधलं संपलं तरी झाड हिरवं राहतं. माझं वजन मात्र..." माझा चेहरा बघून ती परत खोडाकडे वळली. लाकडी हातोडीने तिने खरवडलेल्या जागी ठोकलं. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. मुकादमांची थट्टा तिथेच थांबली. त्यांनी माणसाला वर उचलणारी पाळण्याची गाडी मागवली.

दुपारी पाळण्यात उभी राहून तिने फांदी थोडी थोडी कापली. खोडाजवळचा तुकडा खाली आला तेव्हा आतून भुसा सांडला. माझी मूठ आत गेली असती.

शिपाईकाकांनी वाकून तो भुसा उचलून पाहिला. "पोरी, मी काय करून बसलो होतो गं!"

"ढीग लांब नेऊन टाकला नाहीत, म्हणून कळलं की," ती म्हणाली. "फक्त आता कुठल्या झाडाला आंघोळ घालू नका."

मागच्या लहान फाटकाशी दुसरं झाड छाटायचं होतं. तिथे गाडी शिरेना. चढावंच लागणार होतं. तिने फेरी घातली, ठोकून पाहिलं, दोर टाकला. मला वाटलं, म्हणावं, सोड ही नोकरी. पण ज्या झाडावर धोका होता त्यावर ती चढलीच नव्हती, तर मी कशाच्या जोरावर म्हणणार?

"पुन्हा एकदा बघ ना," एवढंच तोंडातून निघालं.

मुकादमांनी आभाळाकडे पाहिलं.  लेकीने दोर उतरवला, पहिल्यापासून सावकाश खोडाभोवती फिरली, आणि मग चढली. खिडकीपाशी वाचकांची रांग लागली होती, कुणीतरी मला हाका मारत होतं. मी वर बघत राहिले.