प्लास्टिकचा पिकर

आबा उधन्यात एका शेठच्या खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, माग चालवायचे. मागावर सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याला फटका मारून पलीकडे पाठवणारा चामड्याचा ठोकळा असतो, त्याला पिकर म्हणतात. तो फटका दिवसभर कानात. आबांचा डावा कान गेलेला, उजव्याने थोडं ऐकू यायचं. तेवढं वाचावं, एवढंच आमच्या घराचं मागणं होतं.

नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल, तेव्हा शेठने प्लास्टिकचे पिकर आणायचं ठरवलं. विकणाऱ्याने खात्यात भाषणच ठोकलं: विमानात वापरतात तसलं मटेरियल, तुटणार नाही, आवाज निम्मा! मी तेव्हा कामगारांची पत्रकं लिहायचे. फसवणूक मला लांबून कळते, असा माझा तोरा. तरी भुलले. 'प्रत्येक मागाला नवा पिकर मिळालाच पाहिजे!' असं मीच छापलं. अजून लाज वाटते.

आबांनी नवा पिकर घरी आणून तेलाच्या डब्यात बुडवला. चामड्याचा पिकर महिनाभर तेलात मुरल्याशिवाय मागावर चढत नसे. शेजारचा कारागीर लोटपोट हसला.

"काका, पलास्टिकले तेल पाजी ऱ्हायनात का? आते मालिशबी करा त्यानी!"

"नवीन शे. त्याले बी मुरू दे," आबा म्हणाले.

शेवटी तो तसाच पुसून मागावर बसला. पहिले चार दिवस आवाज खरंच कमी. एका संध्याकाळी आबा जेवता जेवता थांबून मला म्हणाले, "माय, पंखा कुरकुरस. तेल टाक."

तो पंखा दोन वर्षं कुरकुरत होता. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

पिकर तुटत नाही म्हटल्यावर शेठने पुली बदलून माग जोरात पळवले. आवाज होता तेवढाच झाला, मग त्याहून वाढला. मी जाऊन भांडले. शेठ शांतपणे म्हणाला, "बेन, पिकरनो अवाज तो ओछो ज छे. लूम जोरमां चाले छे."

म्हणजे पिकरचा आवाज कमीच, जोर मागाचा. खोटं कुणीच बोललं नव्हतं. हाच तर संताप!

दोनेक वर्षांत सगळ्या खात्यांतून चामडं गेलं. विमानाचं नावही कुणी काढेना. आमच्या घरी दार आपटू नये म्हणून आईने एक झिजलेला पिकर फटीत अडकवला.

पंखा पुन्हा कुरकुरू लागला होता. आबा त्याच्याच खाली बसलेले. मी म्हटलं, "आबा, तेल टाकू का?"

त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला.

"काय म्हनस, माय?"