ओळंब्यानं बुजवलेली बारा भोकं

स्टेशनात येणारा प्रत्येक जण मान वर करून छत बघायचा. हा एकटा गवंडी खाली फरशी बघायचा. का नाही बघणार? चाळीस वर्षांपूर्वी एक नंबरचा फलाट वीतभर उंच केला, तेव्हा ती त्यानंच बसवली होती. आजवर एक फरशी हललेली नाही, हे तो विचारणाऱ्याला सांगायचा आणि न विचारणाऱ्याला दोनदा सांगायचा. खिशात कायम भिंतीचा सरळपणा जोखायचा, दोरीला बांधलेला पितळी ओळंबा, म्हणून त्याचं नावच ओळंबा पडलेलं. बायको म्हणायची, "लग्नाच्या फोटोतसुद्धा हे माझ्याकडे बघत नाहीयेत. मागची भिंत वाकडी आहे का ते बघतायत!"

छत मात्र खरोखर बघण्यासारखं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोखंडी कमानी, वर काच, आणि दोन्ही फलाटांवर बारा-बारा ओतीव खांब, माथ्यावर लोखंडाचीच पानं ल्यालेले. सकाळी कामावर जाणारी माणसं गाडीची वाट बघत त्या खांबांना टेकायची. संध्याकाळी थकून उतरायची तीही त्याच उजेडात.

एक दिवस खांबावर कागद चिकटला. छत गळतं, एक नंबरचे काही खांब बुडाशी तडकलेत; सगळं उतरवून पत्रे टाकणार.

ओळंबा तरातरा गेला आणि त्यानं खांबाला ओळंबा लावला. खांब सुतात सरळ!

"काका, सरळ आहे हो," कागद लावणारी इंजिनिअर बाई म्हणाली, "पण फुटलाय. मला काय हौस आहे का छत पाडायची? उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर?"

ती बोलत होती त्यात खोट नव्हती, म्हणून तो आणखी चिडला. चिडूनच पूल ओलांडून दोन नंबरवर गेला. तो फलाटही त्याच वेळी उंच केलेला, पण तिथली फरशी बसवली होती ढिल्यानं. ढिल्या म्हणजे त्याचा जुना जोडीदार, कामाचा असा कंटाळा की बसल्या जागी घोरायचा. फरशी म्हणजे म्हाताऱ्याचे दात, एक वर एक खाली. पण खांब? बाराच्या बारा ठणठणीत! छत तेच, पाऊस तोच, लोखंडही तेच. मग हे कसं?

तो गुडघे टेकून वाकला. खांबाच्या बुडाशी फरशी लावायची ढिल्यानं चक्क टाळली होती. त्या खड्ड्यात खांबाला मुठीएवढं भोक होतं आणि भोकाखाली ओली दगडी पन्हळ.

ओळंब्यानं भोकात हात घातला. खांब पोकळ होते. छताचं पाणी त्यांच्याच पोटातून खाली यायचं. बांधणाऱ्यानं बाहेर एक नळ दिसू दिला नव्हता. एक नंबरच्या खांबांनाही तशीच भोकं होती. त्याला वाटलं होतं, जुन्या दिव्यांच्या नळीची असतील. आणि गवंड्याला भोक दिसलं की त्याचा हात शिवशिवतो. बाराही त्यानं सिमेंटनं गच्च बुजवली आणि वर फरशी घातली. त्या दिवशी साहेबांनी ढिल्याला झापलं होतं आणि याची पाठ थोपटली होती.

घरी ताटावर बसला, पण घास उतरेना. बायकोला सगळं सांगितलं.

"गप्प बसलात तर कुणाला कळेल?"

"कुणालाच नाही."

"मग जेवत का नाही?"

त्यानं ताट सरकवलं आणि थापी शोधायला उठला.

सकाळी तो बाईसमोर उभा राहिला. "बाई, हे खांब मी मारलेत. बुडाशी पाणी जायची भोकं होती, ती मीच बुजवली." मग थापीच्या दांड्यानं खांब वाजवून दाखवला. वर ठण्ण आवाज आला, छातीच्या खाली नुसतं ठप्प. "आत पाणी तुंबलंय. चाळीस वर्षांचं. पावसात वरपर्यंत चढतं, म्हणून छत गळतं."

बाईनं स्वतः वाजवून पाहिलं. "फरशी फोडावी लागेल. माणूस बोलावते."

"माझ्या फरशीला दुसऱ्याचा हातोडा लागायचा नाही."

पहिला घाव घालताना त्याचे डोळे भरून आले. दहाव्या घावाला मात्र तो घामाघूम होऊन ओरडला, "कुठल्या गाढवानं एवढी पक्की बसवलीय!" बाई खो-खो हसली. फरशी निघाली, खालचा भराव निघाला, सिमेंटचा बोळा दिसला. छन्नी लावून एक सणसणीत ठोका घातला आणि काळं पाणी असं उसळलं, की बाईचे बूट भिजले, माणसं बॅगा उचलून पळाली आणि गंजाचा वास थेट तिकीटखिडकीपर्यंत गेला. पाणी फलाटावरून धो-धो रुळांवर उतरलं. ओळंबा त्यात मांडी घालून बसला होता आणि लहान पोरासारखा हसत होता.

चार दिवसांत बाराही भोकं मोकळी झाली. बाईनं एकेक खांब तपासला. तीन तडकलेल्या खांबांना लोखंडी पट्टे घालावे लागणार होते. बाकीचे आणखी शंभर वर्षं हलायचे नाहीत, म्हणाली. कागद तिनं स्वतःच्या हातानं फाडला.

फरशी पुन्हा बसवायला अर्थातच ओळंबा. या वेळी बायकोही बघायला आली आणि बाकावर बसून सूचना करू लागली. शेवटच्या खांबाशी तो भोकाच्या कडेनं दगड घासून गोल करत होता, तेव्हा गाडीला निघालेला एक जण थांबला.

"काका, एवढं झकास काम केलंत, पण इथं एक भोक राहिलंय."

ओळंब्यानं वर पाहिलं. आधी त्या माणसाकडे, मग त्याच्या डोक्यावरच्या काचेकडे.

"राहिलं नाही," तो म्हणाला, "ठेवलंय."