मित्रोवदानचा पेला

रादोयकाला माफ करणं जमत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शेजारणीच्या कोंबड्यांनी एकदा तिचा मिरचीचा वाफा उकरला होता. त्या शेजारणीच्या मयतीलाही ती मोजकंच रडली. मग नवऱ्याला लोळागोळा करणाऱ्याला ती कशी सोडणार?

तो माणूस म्हणजे वुकोमान, तिच्या नवऱ्याचा कूम. लग्नात साक्षीदार म्हणून उभा राहिलेला, म्हणजे सख्ख्या भावाहून वरचा. कूमचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही रीत.

तिच्या नवऱ्याचं, तिहोमीरचं, पोट तेव्हा सदान्‌कदा जळायचं. सोडा खाऊन खाऊन तो थकला, तेव्हा तिनेच त्याला ओढत शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोटात जंतू निघाला. दोन आठवड्यांच्या गोळ्या मिळाल्या आणि सोबत ताकीद: मध्येच सोडायच्या नाहीत, दारूला शिवायचं नाही. पण मध्येच आला मित्रोवदान, घराण्याच्या संताचा सण. मेणबत्ती लागली, शिजवलेल्या गोड गव्हाची परात फिरली, आणि तिहोमीरने पाण्याचा पेला उचलला.

“अरे, संताला पाणी पाजतोस?” वुकोमान भर पंगतीत गरजला. “तुझ्या बापाच्या आत्म्याला काय वाटेल? की वहिनीने पाळण्यात घातलंय तुला?”

पंगत खो खो हसली. तिहोमीरने राकिया, आलुबुखाराची कडक दारू, घशाखाली उतरवली आणि गोळ्यांना पुन्हा हात लावला नाही. पोट जळतच राहिलं. काही वर्षांनी एका सकाळी, लोणच्यासाठी पिंपात कोबी भरता भरता, त्याचं तोंड वाकडं झालं आणि उजवी बाजू गेली.

“त्या जंतूनेच केलं ना?” रादोयकाने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“कोण सांगणार, बाई? रक्तदाब होता, सिगारेटी होत्या. हा जंतू असलेल्यांना असा झटका जरा जास्त येतो, असं काही अभ्यासांत दिसतं, काहींत दिसत नाही. नेमकं बोट ठेवता येत नाही.”

रादोयकाला बोट ठेवायला वुकोमान होता.

यंदा मित्रोवदानला तो आला तो खंगलेला. पुढ्यात राकिया आली तशी त्याने हळूच बाजूला सारली.

“वहिनी, मला पाणीच द्या. तोच जंतू निघालाय. गोळ्या चालू आहेत.”

देवाने आयतं ताट वाढलं होतं. रादोयकाने घरातला सगळ्यात मोठा पेला राकियाने काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे आदळला.

“अहो कूम, संताला पाणी पाजता?” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “तुमच्या वडिलांच्या आत्म्याला काय वाटेल? की बायकोने पाळण्यात घातलंय तुम्हाला?”

पंगत पुन्हा तशीच हसली. वुकोमानचा चेहरा पडला. स्वतःचे शब्द त्याने ओळखले. नाही म्हणावं तर चारचौघांत नाक कापलं जाणार. त्याने पेला उचलला. पी मेल्या, पी, रादोयका मनात म्हणाली. कित्येक वर्षांत तिच्या जिवाला इतकं थंड वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीत बसवलेल्या तिहोमीरचा डावा हात पुढे आला आणि पेल्यावर झाकणासारखा बसला.

“न... को,” तो म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “ह्याच्यासाठी? तुमचं वाटोळं करणाऱ्यासाठी?”

हात हलला नाही. तिने पेला हिसकला, स्वतःच एका दमात रिकामा केला आणि गव्हाची वाटी वुकोमानच्या हातात कोंबली.

“गोळ्या खा. शेवटचीसुद्धा. तुम्ही मरायचं नाही, कूम. दरवर्षी इथे यायचं आणि ह्यांना भरवायचं. सांडलं तर पुसायचंही तुम्हीच.”

वुकोमानने चमचा तिहोमीरच्या ओठांशी नेला. अर्धे गहू हनुवटीवरून ओघळले. ते बोटांनी टिपताना त्याला रडू आवरेना.

“नीट भरवा,” रादोयका म्हणाली. “अजून अख्खी वाटी आहे.”